निर्वासितांच्या पुनर्वसनातील गोपनीयता कोणासाठी: अर्जदारासाठी की मंत्रालयासाठी?

चौकस यांचा प्रश्न

ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाकडून अफगाण अर्जदारांची यादी फुटल्याचे प्रकरण जुलै २०२५ मध्ये उघड झाले. तेव्हापासून मी त्याविषयी मिळेल ते वाचत आहे आणि जितके अधिक वाचतो तितका मूळ प्रश्न मला अवघड वाटू लागला आहे. ज्यांनी हे प्रकरण फारसे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

अफगाणिस्तानात ब्रिटिश सैन्यासोबत काम केलेल्या लोकांना ब्रिटनमध्ये आणण्यासाठी एप्रिल २०२१ मध्ये ‘अराप’ ही योजना सुरू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्जांची पडताळणी करत असताना मंत्रालयातील एकाने बाहेरच्या संपर्कातील व्यक्तींना एक स्प्रेडशीट ईमेलने पाठवली. त्यात दीडशेच्या आसपास नोंदी आहेत अशी पाठवणाऱ्याची समजूत होती. वस्तुतः त्या फाइलमध्ये १८,७१४ अर्जदारांची माहिती होती. ही गोष्ट मंत्रालयाला कळली ती ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे दीड वर्षानंतर, जेव्हा त्यातील काही नावे फेसबुकवरील एका गटात झळकली. १ सप्टेंबर २०२३ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने जो मनाई हुकूम दिला तो ‘सुपरइंजंक्शन’ प्रकारचा होता. यादी फुटल्याची बातमी देण्यास मनाई होतीच, शिवाय असा हुकूम अस्तित्वात आहे हे सांगण्यासही मनाई होती आणि ती साऱ्या जगाला लागू होती. हुकूम १५ जुलै २०२५ पर्यंत टिकला. दरम्यान, एप्रिल २०२४ मध्ये ‘अफगाण रिस्पॉन्स रूट’ नावाची एक स्वतंत्र पुनर्वसन योजना सुरू झाली. लोक आणले गेले, पैसा खर्च झाला, एक सरकार जाऊन दुसरे आले, मधल्या काळात सार्वत्रिक निवडणूक झाली आणि मतदारांना यातील अवाक्षरही ठाऊक नव्हते.

माझा प्रश्न असा आहे. निर्वासितांच्या बाबतीत काही गोष्टी गुप्त ठेवल्याच पाहिजेत, कारण एखादे नाव चुकीच्या हाती पडले तर माणूस जिवाला मुकतो. परंतु हेच कारण पुढे करून सरकार आपली चूक, आपला खर्च आणि आपले निर्णयही झाकू शकते. या दोन गोष्टींमधील रेषा नेमकी कुठे आखावी आणि ती कोणी आखावी?

नीरक्षीर

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपण समजता तितके अवघड नाही असे माझे मत आहे. पुनर्वसनाच्या कोणत्याही योजनेत दोन प्रकारची माहिती असते. पहिली माणसाची: नाव, फोन क्रमांक, कुटुंबातील व्यक्ती, सध्याचा ठावठिकाणा, कोणत्या तुकडीबरोबर काम केले, कोणत्या अधिकाऱ्याने शिफारस केली, कोणत्या मार्गाने देश सोडणार. ही माहिती गुप्त ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि त्यात अपवादाला जागा नसावी. दुसरी माहिती कारभाराची: किती लोकांना आणायचे ठरले, कोणत्या निकषावर, किती खर्चात, कोणाच्या सहीने, आणि कुठे चूक झाली. ही दुसरी माहिती लोकांची आहे.

ब्रिटनच्या प्रकरणात विचित्र गोष्ट अशी घडली की पहिल्या प्रकारची माहिती सांभाळण्यात मंत्रालय सपशेल नापास झाले आणि दुसऱ्या प्रकारची माहिती मात्र त्याने जवळजवळ दोन वर्षे तिजोरीत बंद ठेवली.

ती यादी फुटणे हा एकटा अपघातही नव्हता. सप्टेंबर २०२१ मध्ये याच योजनेच्या कर्मचाऱ्यांनी अफगाणिस्तानात अडकलेल्या २४५ जणांना एक सामाईक ईमेल धाडला आणि सर्वांचे पत्ते ‘बीसीसी’ ऐवजी ‘टू’ या चौकटीत टाकले. परिणामी प्रत्येकाला उरलेल्या सगळ्यांचे पत्ते दिसले आणि त्यांतील ५५ जणांच्या खात्यांवर त्यांची छायाचित्रेही होती. या चुकीबद्दल माहिती आयुक्त कार्यालयाने डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयाला साडेतीन लाख पौंडांचा दंड केला. तारीख लक्षात घ्या. पत्ते फुटल्याचा दंड जाहीर झाला त्या वेळी त्याहून कितीतरी मोठी गळती मनाई हुकुमाखाली झाकलेली होती आणि दंडाची बातमी वाचणाऱ्यांना वाटत होते की मंत्रालयाच्या पापाचा घडा एवढाच. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये माहिती अधिकाराखाली बीबीसीला मिळालेल्या उत्तरातून समजले की अफगाण पुनर्वसनाचे अर्ज हाताळणाऱ्या विभागात चार वर्षांत अशा ४९ घटना घडल्या होत्या.

आता मला सांगा, २०२१ नंतर कोणी खडसावून विचारले असते की हजारो माणसांच्या जिवाशी निगडित माहिती साध्या स्प्रेडशीटमध्ये का ठेवता आणि ईमेलने का फिरवता, तर कदाचित पुढचे काही टळले असते. कारभार उघड असता तर माणसे अधिक सुरक्षित राहिली असती. या दोन्ही गोष्टी परस्परविरोधी आहेत असे आपण गृहीत धरतो, तिथेच गफलत होते.

दुसरी_बाजू

नीरक्षीर यांची मांडणी सुटसुटीत आहे, परंतु ती घटना घडून गेल्यावर केलेली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्णय घेणाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. यादी फुटली आहे, तिची प्रत नेमकी कोणाकडे आहे ते ठाऊक नाही, तालिबानकडे ती पोहोचली आहे की नाही हेही ठाऊक नाही. अशा वेळी ‘आमच्याकडून यादी हरवली’ एवढे एक वाक्य जाहीर केले तरी तिचा शोध घेण्याचे आमंत्रण तालिबानला मिळाले असते. इथे कारभाराची माहिती आणि माणसाची माहिती वेगळी काढता येत नाही, कारण ‘चूक झाली’ ही बातमीच माणसांना धोक्यात घालणारी आहे.

दुसरे असे की हा हुकूम मंत्र्यांनी कपाटातून काढून लावलेला नव्हता. तत्कालीन संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की त्यांच्या मंत्रालयाने साधा, चार महिन्यांचा मनाई हुकूम मागितला होता. त्याला ‘सुपर’ स्वरूप न्यायालयात मिळाले. मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती चेंबरलेन यांनी हुकूम उठवण्याचा निर्णय दिला, तेव्हा अपील न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो फिरवला आणि हुकूम कायम ठेवला. म्हणजे सरकारच्या म्हणण्यात काही तथ्य आहे असे वरिष्ठ न्यायाधीशांनाही वाटले. त्यामुळे ‘लोकांपासून लपवले’ असे सरसकट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. न्यायालय हाही उत्तरदायित्वाचाच एक मार्ग आहे.

टाचण

दोन्ही बाजू पटण्यासारख्या आहेत, परंतु पैशाचा मुद्दा सुटतो आहे, म्हणून तेवढाच मांडतो.

हुकूम उठला त्या दिवशी संरक्षणमंत्री जॉन हीली यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये सांगितले की गुप्त योजनेतून सुमारे ९०० अर्जदार आणि त्यांचे सुमारे ३,६०० कुटुंबीय ब्रिटनमध्ये आले आहेत किंवा वाटेत आहेत, आणि त्यावर आतापर्यंत ४० कोटी पौंडांच्या आसपास खर्च झाला आहे. मंत्रालयाचा एकूण अंदाज ८५ कोटी पौंडांचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हा आकडा तपासायला घेतला, तेव्हा त्याच्या पुष्ट्यर्थ पुरेसा पुरावा मंत्रालयाला देता आला नाही. कारण वाचण्यासारखे आहे. या योजनेचा खर्च हिशेबात वेगळा दाखवला असता तर योजना असल्याचे उघड झाले असते, म्हणून तो वेगळा नोंदवलाच गेला नाही. अफगाण पुनर्वसनाच्या एकूण खर्चात तो मिसळून टाकला गेला.

गुप्तता संपली की सगळे कागद बाहेर येतील आणि मग हिशेब करता येईल, अशी आपली समजूत असते. इथे कागद बाहेर आले आणि त्यांवर हिशेबच नव्हता. नंतर दिलेल्या उत्तराला काही किंमत राहायची असेल तर नोंद त्या त्या वेळीच झाली पाहिजे, मग ती दहा वर्षे कुलपात ठेवा.

लोकलेखा समितीने नोव्हेंबर २०२५ च्या अहवालात आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले आहे: मंत्रालयाचे हिशेब तपासण्याची कायदेशीर जबाबदारी असलेल्या महालेखापरीक्षकांना ही माहिती न देण्याचे मंत्रालयाने ठरवले होते. महालेखापरीक्षकांना सांगितल्याने तालिबानला काय कळणार होते, हे ‘दुसरी_बाजू’ यांनी कृपया समजावून सांगावे.

दुसरी_बाजू

टाचण यांच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे बचाव नाही. संसदेची गुप्तवार्ता व सुरक्षा समिती तर अशाच कामासाठी आहे. तिचे सदस्य गोपनीय कागद पाहतात, बंद दाराआड साक्षी घेतात. तिलाही अंधारात ठेवले गेले, याचे समर्थन करणे कठीण आहे. हाउस ऑफ कॉमन्सच्या अध्यक्षांना कल्पना दिली गेली होती आणि हीली विरोधी पक्षात असताना डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनाही सांगितले गेले होते, परंतु ज्याला सांगितले त्याच्या तोंडाला कुलूप घातले तर ते सांगणे केवळ सोपस्कारापुरते उरते. माझा मुद्दा जनतेपुरता आहे आणि त्यावर मी ठाम आहे: निदान सुरुवातीचे काही महिने जाहीर मौन आवश्यक होते.

चौकस

सर्वांचे आभार. मला एक उपप्रश्न विचारायचा आहे. आपण संसद, लेखापरीक्षक, मतदार यांच्याविषयी बोलतो आहोत. ज्यांची नावे त्या यादीत होती त्यांचे काय? त्यांना कधी सांगितले गेले?

वाटसरू

मी युरोपात राहतो आणि आश्रयाचे व पुनर्वसनाचे अर्ज भरणाऱ्यांना उर्दू दुभाषी म्हणून मदत करतो. अनेक अफगाण लोकांची बरीच वर्षे पाकिस्तानात गेलेली असतात, त्यामुळे त्यांच्याशी उर्दूत बोलणे जमते. ब्रिटनच्या योजनेशी माझा थेट संबंध आलेला नाही, तरी असा अर्ज आतून कसा असतो ते सांगू शकतो.

अर्जदार आपल्याकडचे सगळे पुरावे देऊन टाकतो, कारण पुरावा कमी पडला तर अर्ज फेटाळला जाईल अशी धास्ती असते. जुने ओळखपत्र, परदेशी अधिकाऱ्याबरोबरचे छायाचित्र, पगाराची चिठ्ठी, शिफारसपत्र, भावाचा फोन क्रमांक, सासरच्या गावाचे नाव. घरी हीच कागदपत्रे त्याने भिंतीत, पिठाच्या डब्यात किंवा दुसऱ्याच्या घरात लपवून ठेवलेली असतात, कित्येकांनी तर जाळून टाकलेली असतात आणि फोनमध्ये एक फोटो तेवढा उरलेला असतो. तो फोटो तो अर्जाला जोडतो. त्यानंतर त्याला एक संदर्भ क्रमांक मिळतो आणि ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ असे उत्तर. पुढची दोन-तीन वर्षे तेच उत्तर. फाइल कोणाकडे आहे, कोणता आक्षेप आहे, नकार मिळाला तर तो कोणत्या कागदामुळे, यातले काही त्याला कळत नाही. गोपनीयता हा शब्द त्याला बहुधा याच अर्थाने परिचित असतो: त्याच्या अर्जाविषयी त्यालाच काही न सांगणे.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. त्या यादीतील बहुतेकांना १५ जुलै २०२५ रोजी, म्हणजे जगाबरोबरच, ईमेलने कळले. फोन क्रमांक बदला, अनोळखी संदेशांना उत्तर देऊ नका, शक्य तितकी काळजी घ्या, अशा धर्तीचा सल्ला त्यांना तेव्हा मिळाला. गळतीनंतर जवळजवळ साडेतीन वर्षांनी फोन क्रमांक बदलण्याचा सल्ला मिळाल्यावर माणसाने काय करावे?

न्यायमूर्ती चेंबरलेन यांच्या निकालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा हाच आहे. यादीतील फार थोड्यांनाच सरकार बाहेर काढणार होते. उरलेल्या हजारोंना सरकारकडून संरक्षण मिळणार नव्हते, आणि हुकुमामुळे त्यांना धोक्याची सूचनाही मिळणार नव्हती. गुप्ततेचा लाभ ज्यांना मिळणार असे सांगितले जात होते त्यांच्यातील बहुसंख्यांना ती गुप्तता स्वतःचा जीव स्वतः वाचवण्याच्या संधीपासूनही दूर ठेवत होती. ‘दुसरी_बाजू’ म्हणतात त्याप्रमाणे जाहीर मौन सुरुवातीला आवश्यक होते असे मानले, तरी किती महिन्यांनी तोल दुसरीकडे झुकला, हे कोणी तपासत होते काय?

नीरक्षीर

वाटसरू यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाला प्रत्यक्षात एक उत्तर मिळाले, फक्त फार उशिरा. जानेवारी २०२५ मध्ये हीली यांनी पॉल रिमर या निवृत्त अधिकाऱ्याकडे धोक्याचा फेरआढावा सोपवला. रिमर पूर्वी संरक्षण गुप्तवार्ता विभागाचे उपप्रमुख होते. त्यांचा निष्कर्ष असा होता की केवळ त्या यादीत नाव असल्यामुळे कोणाचा धोका फारसा वाढण्याची शक्यता नाही, कारण तालिबानला आधीच्या अफगाण सरकारच्या नोंदींतून पुष्कळ काही उपलब्ध होते. त्यापुढे जाऊन त्यांनी असेही नोंदवले की हुकूम आणि गुप्त योजना यांमुळेच त्या यादीचे मोल नकळत वाढले असावे. पाहा, दोन वर्षे ज्या गृहीतकावर सगळा डोलारा उभा होता ते एका बाहेरच्या माणसाने नव्याने तपासल्यावर डळमळीत ठरले. रिमर बरोबर आहेत की नाहीत यावर वाद होऊ शकतो आणि अनेक अफगाणांना त्यांचा निष्कर्ष मान्य नाही, हे मला ठाऊक आहे. माझे म्हणणे एवढेच की गृहीतक तपासणारे कोणी हवे होते आणि ते पहिल्या वर्षीच हवे होते.

न्यायालय हाही उत्तरदायित्वाचा मार्ग आहे असे वर म्हटले गेले. आहे खरे, परंतु न्यायाधीशासमोर धोक्याचे जे मूल्यमापन येते ते सरकारच तयार करते. त्याच्या विरोधात बोलण्यासाठी दुसरी बाजू लागते. या प्रकरणात मोजक्या पत्रकारांना आणि वृत्तसंस्थांना हुकूम बजावला गेला होता आणि त्यांच्या वकिलांनी तो नेटाने लढवला, म्हणून काही वाद तरी झाला. तोही बंद दाराआड, आणि काही सुनावण्या तर त्यांनाही बाहेर ठेवून. यालाच चेंबरलेन यांनी उत्तरदायित्वाची लोकशाहीतील नेहमीची यंत्रणा पूर्णपणे बंद पडणे असे म्हटले.

आता इतर ठिकाणची उदाहरणे. अमेरिकेत १९८० च्या निर्वासित कायद्यानुसार दरवर्षी किती निर्वासित घ्यायचे याची कमाल मर्यादा राष्ट्राध्यक्ष ठरवतात आणि त्याआधी त्यांनी काँग्रेसशी सल्लामसलत करायची असते. आकडा जाहीर होतो. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी तो ७,५०० वर आणला गेला, आदल्या वर्षी १,२५,००० होता. या निर्णयावर कडाडून टीका झाली आणि सल्लामसलत झालीच नाही हा आक्षेपही घेतला गेला, तो याच कारणाने की आकडा सर्वांसमोर होता. कॅनडातही पुढील वर्षी किती निर्वासित घेणार याची योजना दर शरद ऋतूत संसदेसमोर ठेवली जाते. आकडे जाहीर केल्याने या दोन्ही देशांत कोणाचा माग लागल्याचे मी वाचलेले नाही.

उलट टोकाला ऑस्ट्रेलिया आहे. २०१३ पासून तेथील सरकारने समुद्रात अडवलेल्या बोटींविषयीच्या प्रश्नांना ‘पाण्यावरच्या बाबींवर आम्ही बोलत नाही’ असे ठरावीक उत्तर देण्याचा पायंडा पाडला. नाउरू बेटावर जिथे निर्वासितांना ठेवले जात होते, तेथे पत्रकारांच्या व्हिसाचे शुल्क २०१४ मध्ये २०० वरून ८,००० डॉलर झाले. २०१५ च्या सीमा दल कायद्यात निर्वासितांना ठेवण्याच्या अशा केंद्रांतील कर्मचाऱ्याने आतली माहिती बाहेर सांगितल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. ती डॉक्टर आणि परिचारिकांनाही लागू होती. त्यांनी लढा दिल्यावर २०१६ मध्ये त्यांना वगळण्यात आले. यात निर्वासिताच्या जिवाचे रक्षण कुठे आहे, हे मला शोधूनही सापडलेले नाही. केंद्रात लहान मुलावर अत्याचार झाला हे सांगणाऱ्या परिचारिकेला तुरुंगाची भीती घालून कोणत्या निर्वासिताचे रक्षण होते?

ब्रिटनच्याच गृह विभागाने आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला धाडण्याच्या योजनेत हेच वेगळ्या वेशात केले. तिथे जिवाचा प्रश्न नव्हता, तरी १४ कोटी पौंडांच्या पुढे रवांडाला किती दिले हे वार्षिक हिशेब प्रसिद्ध होईपर्यंत सांगणार नाही अशी भूमिका होती. डिसेंबर २०२३ मध्ये विभागाच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याच्या पत्रातून समजले की एप्रिलमध्येच आणखी १० कोटी देऊन झाले आहेत. ही सवय एकदा लागली की कारण कोणतेही चालते.

टाचण

नीरक्षीर, ऑस्ट्रेलियाची केंद्रे आणि रवांडाची योजना यांना पुनर्वसन म्हणणे मला धाडसाचे वाटते. तो अडवण्याचा आणि परत धाडण्याचा कारभार आहे. परंतु गुप्ततेची तऱ्हा तीच आहे, तेवढे मान्य.

दुसरी_बाजू

चर्चेतून माझ्यापुरता एक निष्कर्ष निघतो आणि तो चौकस यांच्या ‘रेषा कोणी आखावी’ या प्रश्नाशी जोडलेला आहे. असा हुकूम मागतानाच त्याला मुदत असावी, समजा तीन महिन्यांची, आणि मुदत वाढवायची असेल तर धोक्याचे मूल्यमापन मंत्रालयाबाहेरच्या व्यक्तीने नव्याने करून न्यायालयात द्यावे. पहिल्या दिवसापासून महालेखापरीक्षक आणि गुप्तवार्ता समिती यांना पूर्ण माहिती असावी. न्यायालयात यादीतील लोकांच्या वतीने बोलणारा स्वतंत्र वकील असावा, कारण त्या दोन वर्षांत सरकार बोलले, पत्रकार बोलले, आणि ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्यांच्या वतीने बोलणारे तिथे कोणी नव्हते. या अटींवर मी आजही सुरुवातीच्या मौनाचे समर्थन करीन.

वाटसरू

स्वतंत्र वकिलाची सूचना मला मोलाची वाटते. त्यात एक भर घालतो: ज्या अर्जदारांना बाहेर काढणार नाही असे ठरले आहे, त्यांना कारण न सांगताही सावध करता येते. ‘आपली माहिती कोणत्याही अर्जप्रक्रियेत उघड होऊ शकते, म्हणून फोन क्रमांक बदला, जुने खाते बंद करा, आम्हाला नवा क्रमांक या मार्गाने कळवा’ अशी सूचना सर्व अर्जदारांना सरसकट पाठवली असती तर यादी फुटल्याचे उघड झाले नसते आणि ज्याला शक्य होते त्याने घरही बदलले असते.